चालण्याआधीचे पाहणे: पार्किन्सन्समधील नजर आणि पावले

पार्किन्सन्स झालेला माणूस घरातल्या सपाट फरशीवर चार पावले टाकताना अडखळतो आणि तोच माणूस जिना मात्र सलग, न अडता उतरून जातो, असे सांगितले तर चटकन कुणाला पटणार नाही. पुण्याच्या मिलेहा सोनेजी या प्रॉडक्ट डिझायनरने घरातल्याच एका नातेवाइकाच्या बाबतीत हे पाहिले, आणि पायऱ्यांचे साधे सपाट चित्र जमिनीवर चिकटवून पाहिले. त्या चित्रावरून ते गृहस्थ जिना उतरावा तसे चालत गेले. २०१५ साली टेडएक्सच्या मंचावरून सोनेजी यांनी ही हकीकत सांगितली आणि ती जगभर पोहोचली. कौतुक पुष्कळ झाले, पण तिच्यामागचा प्रश्न बाजूला राहिला. स्नायू आखडले, अंगातली ताकद गेली म्हणून चालता येत नाही, असा आपला समज असतो. चित्रातल्या पायऱ्यांनी स्नायूंना ताकद येत नाही. मग पाय सुटले कशाने? या प्रश्नाचा माग काढत गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा एकत्र विचार केला तर हाती लागते ते असे: पार्किन्सन्समधली चाल बिघडते ती पायांपाशी सुरू होऊन पायांपाशी संपत नाही. पाहणे, त्यातले नेमके निवडून लक्षात घेणे आणि पाऊल टाकणे ही एक साखळी आहे आणि हा आजार त्या साखळीच्या तिन्ही कड्या ढिल्या करतो. म्हणून चाल तपासताना नजर तपासलीच पाहिजे, आणि चाल सुधारायची तर रुग्णाच्या डोळ्यांसमोर काय आहे याचाही विचार केला पाहिजे.

नवी मुंबईसारख्या शहरात हा विषय आता ऐरणीवर यायला हवा, त्याला कारण आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० सालची. त्यानंतरच्या दोन दशकांत वाशी, नेरूळ, बेलापूरला ज्यांनी ऐन तारुण्यात किंवा संसाराच्या भरात घरे घेतली, ती पिढी आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे आणि पार्किन्सन्सच्या बाबतीत वाढते वय हाच सर्वांत मोठा धोक्याचा घटक आहे. जागतिक आजारभाराच्या अभ्यासाने २०१६ साली भारतात या आजाराचे सुमारे ५.८ लाख रुग्ण असल्याचा अंदाज बांधला होता. मुंबईच्या पारशी वसाहतींत झालेली आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेली पाहणी तर अभ्यासकांच्या परिचयाची आहे. त्या पाहणीत १४,०१० जणांमध्ये ४६ रुग्ण आढळले, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक, म्हणून हा आकडा मोठा दिसतो हे खरे. पण आपली शहरेही त्याच वाटेने निघाली आहेत. या आजारात माणसाला घराबाहेर पडण्याची धास्ती वाटू लागते ती बहुधा हाताच्या कंपापेक्षा चालण्यामुळे. निरनिराळ्या पाहण्या एकत्र केल्या तर वर्षभरात निदान एकदा तरी पडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण सुमारे साठ टक्के भरते. चालता चालता पाय जमिनीला खिळल्यासारखे होणे, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही फ्रीझिंग म्हणतात, ते आजार जुना होत जातो तसे साधारण निम्म्या रुग्णांना गाठते.

निरोगी माणसाचे चालणे आपल्याला आपोआप होणारे वाटते, कारण त्यातले डोळ्यांचे काम आपल्या ध्यानात येत नाही. जागेपणी आपली नजर सेकंदाला सुमारे तीन वेळा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी घेते. या उडीला शास्त्रात सॅकेड म्हणतात. दोन उड्यांच्या मधल्या थांब्यात मेंदू समोरचे टिपून घेतो. खडबडीत वाटेवर नजर साधारण दोन पावले पुढे चालते: पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच पाहून झालेली असते, आणि पाऊल टेकते तेव्हा डोळे पुढच्या जागेवर गेलेले असतात. वळताना हा क्रम आणखी स्पष्ट दिसतो. स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभा असलेला माणूस फ्रिजकडे वळतो तेव्हा आधी डोळे वळतात, मग डोके, मग खांदे आणि धड, शेवटी पाय. हे सगळे सेकंदाच्या आत उरकते. पार्किन्सन्समध्ये हा क्रम मोडतो. डोळे, डोके आणि धड जवळजवळ एकसंध, ठोकळ्यासारखे वळतात, पाय जागच्या जागी बारीक बारीक सहा-आठ पावले टाकतात, आणि बरेचदा त्या वळणावरच तोल जातो किंवा पाय चिकटतात. सरळ चालताना ठीक दिसणारा रुग्ण वळताना का पडतो, या कुटुंबीयांच्या नेहमीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

डोळ्यांतला बिघाड वरवर पाहता कळत नाही. रुग्णाला दिसत असते, अक्षरांच्या तक्त्यावरच्या ओळीही तो वाचतो. पण नजरेच्या उड्या आखूड पडतात, लक्ष्यापर्यंत एका उडीत न पोहोचता दोन-तीन तुकड्यांत पोहोचतात. समोर काही चमकले तर तिकडे नजर जाते. पण स्वतःच्या इच्छेने, आठवणीतल्या जागेकडे किंवा दिसणाऱ्या वस्तूच्या उलट दिशेला पाहायचे असेल तर उशीर होतो आणि चुकाही होतात. शिवाय फिकट रंगांतला फरक ओळखण्याची क्षमता कमी होते, पापण्या कमी मिटतात म्हणून डोळे कोरडे पडतात, आणि जवळचे पाहताना दोन्ही डोळे नीट आत वळत नसल्याने कधी दोन-दोन दिसते. याचे एक कारण मेंदूच्या रचनेतच सापडते. १९८३ साली हिकोसाका आणि वुर्ट्झ या शास्त्रज्ञांनी माकडांवरील प्रयोगांत दाखवले की, मेंदूच्या गाभ्यातल्या बेसल गँग्लिया या केंद्रसमूहातल्या सबस्टान्शिया नायग्राचा एक भाग नजरेची उडी घडवणाऱ्या सुपीरियर कॉलिक्युलस या केंद्रावर सतत ब्रेक दाबून धरतो, आणि हा ब्रेक क्षणभर सैल झाला की नजर उडते. चालणे सुरू करणाऱ्या मेंदूच्या खोडातल्या केंद्रांवरही बेसल गँग्लियाचा असाच ब्रेक असतो. पार्किन्सन्समध्ये मेंदूतले डोपामिन हे संदेशवाहक रसायन घटते आणि हे ब्रेक गरजेपेक्षा घट्ट बसतात. नजर आखूड पडणे आणि पाऊल आखूड पडणे हे एकाच बिघाडाचे दोन आविष्कार असू शकतात, ते असे.

रचनेवरून बांधलेला तर्क आणि रुग्णांत मोजून मिळालेला पुरावा यांत फरक असतो. डोळ्यांच्या हालचाली टिपणारी उपकरणे डोक्यावर घालून चालता येऊ लागल्यावर हा पुरावा जमू लागला. लोहनेस आणि अर्हार्ट या अमेरिकी संशोधकांनी २०११ साली दाखवले की, पार्किन्सन्समध्ये वळण्याच्या सुरुवातीला होणारी नजरेची उडी आणि प्रत्यक्ष वळण्याची कामगिरी यांचा संबंध आहे. ज्यांना फ्रीझिंग होते त्यांच्या नजरेच्या उड्या फ्रीझिंग नसलेल्या रुग्णांपेक्षा उशिरा आणि अनियमित सुरू होतात, असे २०१६ च्या एका अभ्यासात दिसले. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाला, उलट दिशेला पाहण्याच्या चाचणीत फ्रीझिंगचे रुग्ण जास्त चुका करतात, असे आढळले. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या रोचेस्टर, गालना आणि स्टुअर्ट यांच्या गटाचे काम यात सर्वांत पद्धतशीर आहे. चालताना पार्किन्सन्सचे रुग्ण परिसर कमी वेळा न्याहाळतात आणि दृष्टीचा चालीवर होणारा परिणाम बऱ्याच अंशी लक्ष देण्याच्या क्षमतेच्या वाटेने होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे डोळे, लक्ष आणि पाय यांतला मधला दुवा लक्ष हा आहे. डोळ्यांनी कमी टिपले तर लक्षावर ताण वाढतो, आणि लक्ष आधीच थकलेले असेल तर डोळे आणखी कमी फिरतात.

जमिनीवरच्या आडव्या पट्ट्यांचा इतिहास याच दुव्याकडे बोट दाखवतो. लंडनचे न्यूरॉलॉजिस्ट जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ सालच्या आपल्या पुस्तकात नोंदवले की, आडव्या रेघा आखल्या की पाय न उचलणारे रुग्ण त्या ओलांडत चालू लागतात. रेघा चालण्याच्या दिशेला समांतर असल्या तर मात्र उपयोग होत नाही. पुढे १९९० च्या दशकात मेलबर्नच्या मेग मॉरिस आणि रॉबर्ट इयान्सेक यांनी मोजमाप करून दाखवले की, पट्ट्यांवरून चालताना रुग्णांच्या पावलांची लांबी जवळपास निरोगी माणसाइतकी होते. विशेष म्हणजे पट्टे काढून 'मोठे पाऊल टाकायचे' एवढे मनात धरून चालायला सांगितले तरी तोच परिणाम मिळाला, आणि त्याच वेळी दुसरे काही काम करायला लावले की तो ओसरला. म्हणजे पट्टे हे लक्ष पावलावर आणण्याचे निमित्त, असा अर्थ त्यांनी लावला. फ्रान्समधल्या आझुले यांच्या गटाने १९९९ साली वेगळी बाजू मांडली. लुकलुकणाऱ्या प्रकाशात पट्टे दिसतात, पण चालताना ते मागे सरकत असल्याची जाणीव पुसली जाते, आणि तसे केल्यावर पट्ट्यांचा फायदा गेला. तेव्हा डोळ्यांना मिळणाऱ्या गतीच्या जाणिवेचा वाटाही खरा. या वादाला न्यूकॅसल गटाच्या २०१८ च्या कामाने जोड दिली: जमिनीवर खुणा असल्या की चालताना रुग्णांच्या नजरेच्या उड्या वाढतात, आणि त्या किती वाढतील हे लक्ष देण्याच्या क्षमतेवर ठरते. दोन्ही बाजू एकमेकींना खोडत नाहीत. खूण डोळ्यांना कामाला लावते आणि लक्षाला पावलावर आणते.

दारांचा अनुभवही याच साखळीतला. दार चांगले रुंद असते, पाय अडकेल असे खाली काही नसते, तरी रुग्ण चौकटीपाशी येऊन थबकतो. लंडनमध्ये कौवी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली वेगवेगळ्या रुंदीच्या दारांतून रुग्णांना चालवून पाहिले. दार जितके अरुंद, तितकी रुग्णांची गती आणि पाऊल निरोगी माणसांच्या मानाने जास्त घटत गेले. कॅनडातल्या अल्मेडा यांच्या गटाने पुढे अंधार आणि दार हे दोन घटक एकत्र आणले. स्वतःचे शरीर दिसत नसलेल्या अंधारात दाराच्या दिशेने चालताना फ्रीझिंग वाढले. आपले पाय कुठे आहेत याचा अंदाज शरीराच्या आतून नीट मिळत नाही तेव्हा रुग्ण तो अंदाज डोळ्यांकडून घेतो, आणि दृष्टीचा तो आधार काढला की चाल कोसळते. यात एक विरोधाभास आहे. ज्या डोळ्यांवर रुग्ण जास्त विसंबतो, तेच डोळे आजाराने अर्धवट अधू केलेले असतात. पायाखालची वाट रोखून पाहणारा, मान खाली घालून चालणारा रुग्ण हा निष्काळजी नसतो, तो गेलेला अंदाज भरून काढत असतो. पण नजर पावलांवर खिळली की समोरचे दार, येणारी माणसे, वळण यांची आगाऊ माहिती मिळत नाही आणि ती अचानक आली की पाय चिकटतात.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो आणि तो वजनदार आहे: डोळ्यांच्या आणि चालीच्या दोषांचा संबंध दिसला म्हणून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. आजार जसा वाढतो तसे दोन्ही वाढतात, त्यामुळे ते एकत्र दिसणारच. बहुतेक अभ्यासांत रुग्णांची संख्या थोडी असते आणि मोजमाप प्रयोगशाळेच्या मोकळ्या वाटेवर होते. हा आक्षेप मान्य करूनही दोन गोष्टी उरतात. एक, खुणांचे प्रयोग नुसता संबंध दाखवून थांबत नाहीत. दिसणाऱ्या गोष्टीत बदल केला तर त्याच क्षणी, त्याच रुग्णात चाल बदलते, आणि अंधार केला तर बिघडते. डोळ्यांना मिळणारी माहिती चालीवर परिणाम करते एवढे यातून नक्की सिद्ध होते. दोन, डोळे हे मूळ कारण आहेत असा दावा इथे नाही. मूळ बिघाड मेंदूतला आहे आणि तो दोन्हींत आहे. नजर महत्त्वाची ठरते, कारण ती साखळीतली बाहेरून हाताळता येण्याजोगी कडी आहे. बेसल गँग्लियाचा घट्ट ब्रेक आपण हाताने सोडवू शकत नाही, पण जिन्याच्या पायरीची कड गडद रंगवू शकतो.

दुसरा आक्षेप औषधांचा. लेव्होडोपाने, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाने चाल सुधारते, मग डोळ्यांचा एवढा घोळ कशाला? बहुसंख्य रुग्णांत फ्रीझिंग औषधाचा असर उतरल्यावर वाढते, म्हणून औषधांच्या वेळा आणि मात्रा बसवणे हे पहिले काम आहेच. त्याला पर्याय म्हणून खुणा पुढे करणे चुकीचे ठरेल. पण काही रुग्णांत औषध पुरेपूर असतानाही फ्रीझिंग राहते, आणि नजरेच्या हालचालींवर लेव्होडोपाचा परिणाम सरळ नाही. काही अभ्यासांत औषधाने उलट दिशेला पाहण्याच्या चुका कमी झाल्या, पण समोर अचानक आलेल्या वस्तूकडे जाणारी नजर थोडी मंदावली. म्हणजे औषधाने एक बाजू सावरते आणि दुसरी थोडी मागे पडते. शिवाय चालीतले सगळे दुखणे डोपामिनचे नसते, हे नेदरलँड्समधल्या स्नायडर्स आणि ब्लूम यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णाच्या वृत्तान्ताने ठसवले. गंभीर फ्रीझिंगमुळे जेमतेम काही पावले टाकणारा ५८ वर्षांचा तो गृहस्थ सायकल मात्र सहज चालवत होता. त्याचे पाय निकामी झालेले नव्हते. ते चालवणारी नेहमीची वाट बंद होती आणि दुसरी वाट खुली होती.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: असल्या युक्त्या चार दिवस चालतात आणि मग फुसक्या ठरतात. यात तथ्य आहे. युरोपात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, १५३ रुग्णांच्या चाचणीत घरी येऊन खुणांच्या साहाय्याने चालण्याचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले तेव्हा चाल थोडी सुधारली, पण प्रशिक्षण थांबल्यावर सहा आठवड्यांत फायदा ओसरला. पण यावरून पद्धत कुचकामी ठरत नाही, ती सतत सोबत ठेवावी लागते एवढेच ठरते. चष्मा काढल्यावर पुन्हा धूसर दिसते म्हणून कुणी चष्म्याला फुसका म्हणत नाही. खूण रुग्णाबरोबर चालत राहावी यासाठी बुटांना लेसर लावून पुढच्या पावलाची रेघ जमिनीवर पाडण्याचा प्रयोग नेदरलँड्समध्ये २०१८ साली १९ रुग्णांवर झाला, आणि औषधाचा असर नसताना फ्रीझिंगचे प्रसंग जवळपास निम्म्याने कमी झाले. रुग्ण थोडे होते हे लक्षात ठेवून हा आकडा वाचायचा. दुसरीकडे, अशा युक्त्या अनेक प्रकारच्या आहेत. आडव्या खुणा, ताल, मनात मोजत चालणे, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेऊन मग निघणे, गुडघे उंच उचलत चालणे, यांतली कोणती कुणाला लागू पडेल हे आधी सांगता येत नाही, ते करूनच पाहावे लागते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी केलेल्या ४,३२४ रुग्णांच्या पाहणीत सुमारे सहापैकी एका रुग्णाने अशा युक्त्यांबद्दल काही ऐकलेलेच नव्हते. त्या रुग्णांत ही स्थिती, तर आपल्याकडे ती याहून बरी असेल असे मानायला आधार नाही.

नजरेबद्दल बोलताना अतिउत्साहही आवरायला हवा. २०१२ साली अमेरिकेतल्या एका गटाने ११२ रुग्णांच्या डोळ्यांत सतत सूक्ष्म कंप सापडल्याचे जाहीर केले आणि डोळ्यांवरून पार्किन्सन्स ओळखता येईल अशी हवा निर्माण झाली. पुढच्याच वर्षी लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिले की, डोक्याचा बारीक कंप डोळ्यांच्या स्थिरीकरणाच्या यंत्रणेमुळे डोळ्यांत उमटतो, आणि मोजणारे यंत्र त्यालाच डोळ्यांचा कंप समजू शकते. तो वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, पण नुसत्या नजरेवरून निदान करणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहण्याइतका धडा त्यात आहे. नजरेची तपासणी अपरिहार्य ठरते ती वेगळ्या ठिकाणी. टोरांटोत १९६४ साली स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्हस्की यांनी वर्णन केलेला प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी हा आजार सुरुवातीला पार्किन्सन्ससारखाच दिसतो. त्यात वर-खाली होणाऱ्या नजरेच्या उड्या मंदावतात, पुढे खाली पाहणे जड जाते, आणि रुग्ण आजाराच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच, बहुधा मागे, पडू लागतो. औषधाचा फायदाही यात फार कमी मिळतो. ताटातले वाढलेले दिसत नाही, जिन्याची खालची पायरी कळत नाही, अशी तक्रार लवकर आली आणि त्यासोबत पडणे सुरू झाले तर न्यूरॉलॉजिस्टने नजर बारकाईने तपासणे निदानाच्या दृष्टीनेच आवश्यक आहे.

मग तपासणीत काय बदलायचे? ओपीडीत डॉक्टर रुग्णाला व्हरांड्यात पाच-सात मीटर सरळ चालून दाखवायला सांगतात. नेमक्या त्या वेळी रुग्ण चांगला चालतो, कारण वाट मोकळी असते आणि पूर्ण लक्ष चालण्यावर असते. घरचे म्हणतात, 'डॉक्टरसमोर आले की यांना काहीच होत नाही.' ते खोटे बोलत नसतात, रुग्णही नाटक करत नसतो. जागच्या जागी दोन्ही दिशांना झटपट पूर्ण फिरायला सांगितले, दारातून नेले किंवा चालताना शंभरातून सात-सात वजा करायला लावले तर खरे चित्र दिसते. त्याला मिनिटभरही लागत नाही, म्हणून गर्दीच्या ओपीडीत वेळ नाही ही सबब इथे फार टिकत नाही. त्याच मिनिटात दोन बोटे दाखवून नजर डावी-उजवी आणि वर-खाली उड्या कशी घेते ते पाहता येते. चष्म्याचा प्रश्नही विचारायला हवा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधनात बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्याच्या खालच्या भागातून पायऱ्यांच्या कडा आणि खोली नीट कळत नाही आणि वृद्धांत पडण्याचा धोका वाढतो, असे २००२ साली दिसले. २०१० च्या चाचणीत, नियमित बाहेर फिरणाऱ्यांना चालण्यासाठी फक्त दूरचा वेगळा चष्मा दिल्यावर पडणे कमी झाले. पण क्वचित बाहेर पडणाऱ्यांत उलट बाहेरचे पडणे वाढले. ही पाहणी सर्वसाधारण वृद्धांची होती. तेव्हा सरसकट चष्मा बदला असा नियम निघत नाही; रुग्ण किती आणि कुठे फिरतो हे विचारून नेत्रतज्ज्ञाने ठरवावे, एवढे निघते. मोतीबिंदू आणि कोरडे डोळे यांचाही निकाल त्याच भेटीत लावता येतो.

यापुढची जबाबदारी घराची आणि शहराची. सिडकोच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींत जिन्याला घाबरून रुग्णाला घरात डांबले जाते, पण पायऱ्यांवर तो अनेकदा चांगला असतो. घोटाळा होतो तो मधल्या चौकात वळताना, आणि पायऱ्या संपल्या तिथल्या पहिल्या सपाट पावलाला. कोटा लादीच्या करड्या पायऱ्यांना एकाच रंगाची कड असते. फिकट रंगांतला फरक न कळणाऱ्या डोळ्यांना ती कड दिसत नाही. प्रत्येक पायरीच्या टोकाला पिवळा किंवा पांढरा पट्टा ओढणे हे सोसायटीच्या रंगकामात सहज बसते. घरात संडासाच्या अरुंद दारासमोर, पलंगापाशी आणि जिथे वळावे लागते तिथे एका पावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्टीचे चार आडवे पट्टे लावावेत. सगळे घर पट्ट्यांनी भरले तर तो नुसता गोंधळ होईल. रात्री संडासाच्या वाटेवर मंद दिवा असावा, कारण अंधारात दार गाठणे सर्वांत अवघड. बाहेर नेरूळ, बेलापूरच्या रेल्वे स्थानकांतल्या भुयारी वाटांत भर उन्हातून एकदम कमी उजेडात शिरावे लागते, आणि पायऱ्यांच्या कडा तेव्हाच दिसायला हव्यात. दृष्टिहीनांसाठी लावलेल्या पिवळ्या उठावदार पट्ट्या अत्यंत गरजेच्या आहेत, पण त्या बहुतांशी चालण्याच्या दिशेने धावतात, त्यामुळे पार्किन्सन्सच्या रुग्णाला त्यांचा खूण म्हणून उपयोग नाही. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे मात्र पादचाऱ्याला आडवेच येतात, आणि कित्येक रुग्ण फुटपाथपेक्षा तिथे बरे चालू शकतील. त्यांना अडवतो तो सिग्नलचा उलटा मोजणारा आकडा, कारण घाई झाली की फ्रीझिंग वाढते. म्हणून पट्टे ठळक ठेवणे आणि ओलांडायला वेळ वाढवून देणे या दोन गोष्टी महापालिकेच्या रस्ते-विभागाच्या हातातल्या आहेत.

हे ज्ञान रुग्णांपर्यंत नेणारी माणसे आपल्याकडे नाहीत असे नाही. मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसॉर्डर सोसायटी २००१ पासून काम करते. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना शुभार्थी आणि सांभाळणाऱ्यांना शुभंकर म्हणते, आणि त्यांना एकमेकांकडून शिकण्याची सवय लावते. पुण्यातच हृषीकेश पवार यांच्या नृत्यवर्गात रुग्ण तालावर पावले टाकतात. ताल हीदेखील बाहेरून मिळणारी खूणच. नवी मुंबईत महापालिकेची विरंगुळा केंद्रे आहेत. तिथल्या सकाळच्या व्यायामाच्या वेळात आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पट्ट्यांवरून चालणे, मोठा वळसा घेऊन वळणे, वळण्याआधी थांबून डोळे त्या दिशेला नेणे याचा सराव ठेवायला नवी इमारत लागत नाही आणि मोठा खर्चही नाही. घरच्यांच्या तोंडी दिवसभर असणारी दोन वाक्येही या आढाव्यानंतर बदलायला हवीत. 'बघून चाला' या सल्ल्यात तथ्य आहे, पण कुठे बघायचे ते त्यात सांगितलेले नाही: स्वतःच्या बोटांकडे नव्हे, दोन पावले पुढे, आणि वळायचे असेल तर आधी त्या दिशेला. 'पाय उचला, लवकर चला' हा सल्ला मात्र सोडून द्यावा, कारण तो घाई वाढवतो आणि घाईत पाय आणखी चिकटतात. त्याऐवजी थांबा म्हणावे, समोर एक रेघ दाखवावी, आणि ती ओलांडायला सांगावी. औषधांनी जे साधत नाही त्यातले सगळे याने साधणार नाही, पण पडण्याच्या भीतीने घरात बसलेल्या माणसाला खालच्या चौकापर्यंत आणण्याइतके साधले, तरी या संशोधनाचा आपल्या गावात काही उपयोग झाला असे म्हणता येईल.